बारा सेंटिमीटरची भिंत

कारखान्यात माझ्या माघारी सगळे मला पॉइंटबाई म्हणतात, आणि ते मला ठाऊक आहे. पंपात बसणाऱ्या पोलादी दांड्यांची जाडी तपासणं हे माझं काम. एकोणीस वर्षं झाली. मायक्रोमीटर लावायचा, आकडा वाचायचा, तक्त्यात उतरवायचा, दशांश चिन्हापुढे दोन घरं. कोणी "पंचवीसच धरा ना बाई, एवढ्या तेवढ्याने काय होतंय" म्हणालं की माझं डोकं फिरतं. मग मी त्याला अर्धा तास उभा करून काय होतंय ते सांगते. म्हणून माझ्या टेबलापाशी फारसं कोणी रेंगाळत नाही.

एकदा एका कामगाराने दिवसभराचा तक्ता आणून माझ्यापुढे ठेवला. २५.००, २५.०१, २४.९९, २५.००, २५.०१. दृष्ट लागावी इतका देखणा. मी उठले आणि त्याच्या यंत्रापाशी गेले, तर यंत्र सकाळपासून दुरुस्तीसाठी उघडून ठेवलेलं. खरी मापं इतकी गोड नसतातच. त्यांत एखादा आकडा रुसलेला असतो, एखादा उगाच पुढे पळालेला असतो. मनाने लिहिलेली मापं मात्र मधल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना शहाण्या मुलांसारखी हाताची घडी घालून बसतात. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे त्याचं काम पडणार आहे.

माझी मुलगी सातवीत आहे. शाळेच्या कागदावर तिचं नाव चांगलं लांबलचक आहे, पण ती वर्गात सगळ्यांत बुटकी, म्हणून घरीदारी चिमीच. त्या वर्षी तिने एकाच गोष्टीचा ध्यास घेतला होता, यंत्रशाळेचा. आमच्या घरापासून बसने पाऊण तासावर एक तंत्रविद्यालय आहे. तिथे दर शनिवारी सातवीच्या मुलांना लेथवर, ड्रिलवर हात बसवू देतात. प्रत्येक शाळेतून एकच मूल घेतात, गणितात पहिलं येईल ते. लेखी परीक्षेत चिमी तीन गुणांनी पहिली होती. पाच गुणांचं प्रात्यक्षिक तेवढं राहिलं होतं. त्या पाचांत तिला शून्य मिळालं आणि ती तिसरी झाली.

प्रात्यक्षिक अगदी साधं होतं. वर्गखोलीची लांबी टेपने तीनदा मोजा, सरासरी काढा आणि जवळच्या सेंटिमीटरपर्यंत लिहा. शाळेच्या भाषेत आसन्न किंमत. चिमीच्या वहीत होतं: ७.३८ मीटर, ७.३९ मीटर, ७.३८ मीटर. सरासरी ७.३८३. उत्तर ७.३८ मीटर. त्यावर लाल शाईची फुली आणि खाली सरांचा शेरा, 'निष्काळजी मापन. योग्य उत्तर ७.५०. दुरुस्ती तीन वेळा लिहिणे.' आणि त्याच्याही खाली माझ्या मुलीच्या गोल अक्षरात ७.५०, ७.५०, ७.५०.

फुली बघून मला वाईट वाटलं. त्या तीन ओळी बघून तळपायाची आग मस्तकात गेली.

"हे तू पुन्हा मोजून लिहिलंस?" मी विचारलं.

"नाही. सर म्हणाले, लिही."

"मोजलं तेव्हा किती आलं होतं?"

"सात अडतीस." ती खोडरबराचे तुकडे पाडत बसली होती. "टेपचं दुसरं टोक माझ्या मैत्रिणीने धरलं होतं. तिनेही बघितलं. पण ती म्हणाली, अगं, साडेसात येतं, माझ्या ताईच्या वहीत आहे. तिने साडेसात लिहिलं. तिला पाच मिळाले."

"आणि तू का नाही लिहिलंस?"

"मला सात अडतीस दिसलं ना." मग ती म्हणाली, "माझंच चुकलं असेल, आई. सगळ्यांचं साडेसात आलंय."

चिमीचे बाबा कँटीनमध्ये स्वयंपाकी आहेत. दोनशे माणसांचं जेवण रोज नजरेने करतात. आमच्या घरात वजनकाटा आहे तो माझा, त्यांनी त्याला कधी हात लावलेला नाही. मला वाटलं, हे सरांचीच बाजू घेणार, बारा सेंटिमीटरसाठी कशाला घर डोक्यावर घेतेस म्हणणार. त्यांनी वही हातात घेतली, दोनदा वाचली आणि म्हणाले, "मी मीठ अंदाजानेच टाकतो. पण टाकायच्या आधी पातेल्यात डोकावून बघतो, पाणी किती आहे ते. या लोकांनी पातेल्यात बघितलेलंच नाही."

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा टाकली. पिशवीत आमची घरची दहा मीटरची पोलादी टेप घेतली. ती टेप मी दर वर्षी कारखान्यातल्या प्रमाणित टेपशी ताडून बघते. यावरून घरात माझी यथेच्छ चेष्टा होते. होऊ दे.

गणिताचे सर मधल्या सुट्टीत सातवीच्या वर्गातच बसलेले सापडले. माणूस वाईट नाही, हे सांगायला हवं. टापटिपीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, वह्यांचे गठ्ठे कडा जुळवून लावलेले. त्यांच्यापुढे एक जाड नोंदवही होती. मी आल्याचं कारण सांगितल्यावर त्यांनी ती उघडून माझ्याकडे फिरवली. पहिल्या पानावर सगळ्या प्रात्यक्षिकांची उत्तरं होती. वर्गखोली, लांबी, ७.५०. दोन सेंटिमीटर इकडे तिकडे चालेल.

"अकरा वर्षं ही खोली साडेसात मीटर आहे," सर म्हणाले. "मी स्वतः मोजलेली आहे."

"कधी?"

"म्हणजे, सुरुवातीला. या शाळेत आलो तेव्हा."

"मग आता एकदा मोजू या."

"अहो, खोली काय वाढते का कमी होते?" ते हसले. मला हसू आलं नाही. मी टेप काढली आणि तिचं टोक त्यांच्या हातात दिलं. शिकवणाऱ्या माणसाला कोणी असं टोक धरायला लावलेलं नसावं. ते भिंतीशी वाकून उभे राहिले खरे, पण चेहरा असा की मी त्यांना अंगठे धरायला लावलेत.

सात मीटर, अडतीस सेंटिमीटर आणि वर चार मिलिमीटर.

"तुमची टेप वेगळी असेल," सर म्हणाले.

"मग तुमची आणा."

त्यांनी कपाटातून शाळेची कापडी टेप काढली. मुलांनी मोजलं तीच. मी ती जमिनीला टेकवून, ताणून, नीट लावली आणि वाचायला त्यांनाच बोलावलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आकड्यावर बोट ठेवलं आणि अगदी हळू म्हणाले, "सात अडतीस."

दारात शिपाईकाका पाण्याची घागर भरायला आले होते. ते बघत उभे राहिले होते. दोन मोठी माणसं सुट्टीत जमिनीवर रांगताना त्यांनीही कधी पाहिली नसतील. "काय हरवलं का, सर?" त्यांनी विचारलं.

"बारा सेंटिमीटर हरवलेत," मी म्हणाले.

शिपाईकाकांनी घागर खाली ठेवली आणि खिडकीच्या भिंतीकडे हात केला. "ते त्या भिंतीत गेले असतील. मागच्या पावसाळ्यात ओल आली होती ना तिला. उन्हाळ्याच्या सुट्टीत गवंड्याने आतून अर्ध्या विटेची दुसरी भिंत चढवली. आठ दिवस काम चाललं होतं. मीच पाणी मारत होतो."

मी भिंतीकडे बघितलं. एकदा कळल्यावर सगळं स्वच्छ दिसत होतं. समोरच्या खिडकीची कड वीतभर, तर हिची चांगली रुंद, दोन दप्तरं मावतील एवढी. विजेचं बटण खोबणीत बसल्यासारखं आत गेलेलं. नवा रंगसुद्धा जुन्या तीन भिंतींपेक्षा एक छटा उजळ. अर्धी वीट आणि गिलावा मिळून बारा सेंटिमीटर. त्या भिंतीला पाठ लावून एक वर्ग चार महिने बसत होता, आणि सर रोज तिच्यापुढे उभे राहून अचूकता शिकवत होते.

"ठीक आहे," सर म्हणाले. "म्हणजे तुमच्या मुलीचं बरोबर निघालं. पण मग बाकीच्या एकेचाळीस मुलांचं..."

"तेच तर मी विचारते. एकेचाळीस मुलांनी या खोलीत टेप लावली. एकेचाळीस मुलांना साडेसात कसं दिसलं?"

मी वह्यांचा गठ्ठा ओढला. त्यांनी अडवलं नाही. ७.४९, ७.५०, ७.५१. पुढची वही, ७.५०, ७.५१, ७.४९. पुढची, ७.५०, ७.५०, ७.५०, हा आळशी. एकाने ७.५२, ७.४८, ७.५० लिहिलं होतं, हा जरा कलाकार दिसतो. सगळ्यांची सरासरी बरोब्बर साडेसात, सगळ्यांना पाचपैकी पाच, आणि दोघांना तर 'सुंदर मापन' असा शेरा. माझ्या कारखान्यातला तो तक्ता मला आठवला. पण तो माणूस चाळिशीचा होता आणि त्याला काम चुकवायचं होतं. ही बारा वर्षांची पोरं. यांना आपल्या डोळ्यांपेक्षा ताईच्या वहीवर विश्वास ठेवायला कोणी शिकवलं? शाळेत घालताना आम्ही हे शिकवा म्हणून सांगितलं नव्हतं.

मी हे सगळं मनात म्हणाले नाही, मोठ्याने म्हणाले. त्यामुळे मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, आपल्या खोलीतून आल्या. त्यांना सगळं सांगून झालं. ओल्या भिंतीच्या दुरुस्तीवर सही त्यांचीच होती. त्या एक क्षण भिंतीकडे बघत राहिल्या आणि मग मोठ्या माणसांना जे येतं ते त्यांनी काढलं, तडजोड.

"हे बघा, शेवटी विषय आसन्न किमतीचाच आहे," त्या म्हणाल्या. "सात अडतीस काय आणि सात पन्नास काय. मीटरमध्ये घेतलं तर दोन्ही सारखंच."

सरांना तेवढाच आधार मिळाला. "हो, जवळच्या पूर्ण मीटरपर्यंत घेऊ," ते म्हणाले. लगेच त्यांचा चेहरा पडला. गणिताचा माणूस तो, वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचं त्यांनाच कळलं होतं.

"घ्या ना," मी म्हणाले. "सात अडतीसचे होतात सात. सात पन्नासचे होतात आठ. आता सांगा, ही खोली सात मीटरची की आठ?"

मोठ्या बाई सरांकडे बघू लागल्या. मी मात्र थांबले नाही. "पूर्णांकात आणणं म्हणजे चुकीवर टाकायची चादर नाही. आधी मोजायचं असतं, मग किती बारकावा हवा ते ठरवायचं असतं. इथे मोजलंय एकाच मुलीने, आणि तिला तुम्ही निष्काळजी म्हणालात."

त्यानंतर बराच वेळ बोलणं झालं. बाकीच्या मुलांना पुन्हा मोजायला लावा, हे माझं म्हणणं. एकेचाळीस पालक दारात उभे राहतील, हे मोठ्या बाईंचं म्हणणं. शेवटी असं ठरलं की चिमीला पाच आणि इतरांचे पाच तसेच. म्हणजे खरं बोलणाऱ्याला जेवढे गुण तेवढेच मनाने लिहिणाऱ्यांना. हे ऐकून माझ्या अंगाचा भडका उडायला हवा होता. उडालाही. पण पाच मिळाल्यावर चिमी परत पहिली येत होती, यंत्रशाळेची जागा तिची होत होती. म्हणून मी तोंड मिटलं. आज सांगताना त्याची लाज वाटते.

सरांनी फुलीशेजारी 'बरोबर' लिहून सही केली. "आणि खालचे तीन साडेसात?" मी विचारलं.

"ते राहू द्या," सर म्हणाले. "वहीत खाडाखोड चालत नाही."

यंत्रशाळेचा फॉर्म शाळेच्या कचेरीतून मिळाला, एका पानाची झेरॉक्स. चिमी तो घेऊन घरात नाचत आली. बाबांनी तिला उचलून गरकन फिरवली. मी फॉर्म वाचायला घेतला. पाचव्या ओळीत लिहिलं होतं: 'किमान उंची १४५ सेंमी. उंची पूर्ण सेंटिमीटरमध्ये लिहावी. पालकांची सही आवश्यक.'

आम्ही तिला दाराच्या चौकटीशी उभी केली. संध्याकाळची वेळ. एकशे त्रेचाळीस पूर्णांक आठ.

मग मीच म्हणाले, "माणूस दिवसभरात थोडा दबतो. सकाळी उठल्या उठल्या मोजू. उद्या एकशे पंचेचाळीस यायला हवं."

हो, मीच म्हणाले. हे शब्द माझेच.

सकाळी तोंड धुवायच्या आधी तिला चौकटीशी उभी केली. डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरून पेन्सिलीने खूण केली. १४४.४. पुन्हा, १४४.३. पुन्हा, १४४.४. आदल्या संध्याकाळपेक्षा वाढली होती, पण पुरेशी नाही. पंचेचाळीसला सहा मिलिमीटर कमी.

"अगं, चव्वेचाळीस पॉइंट चार म्हणजे जवळजवळ साडेचव्वेचाळीस," चिमीचे बाबा म्हणाले. "आणि साडेचव्वेचाळीसचे पूर्ण केले की पंचेचाळीस. तुमच्या नियमानेच."

"असं दोन पायऱ्यांत चढता येत नाही," मी म्हणाले. "मूळ मापावरून एकदाच पूर्ण करायचं. पॉइंट चार असताना पंचेचाळीस होत नाही."

"कोण बघतंय?"

तेच तर. कोणी बघत नव्हतं. फॉर्मवर सही माझी, टेप माझी, मुलगी माझी. शाळेत जाऊन सांगू शकले असते की हे मी तपासलेलं आहे, आणि माझ्या तपासण्याला कोणी हरकत घेतली नसती. बारा सेंटिमीटरसाठी मी आख्खी शाळा रांगायला लावली होती. आता सहा मिलिमीटरसाठी फक्त एक आकडा लिहायचा होता. हातात पेन होतं आणि मला तो लिहायचा होता. मला मनापासून तो लिहायचा होता.

"अजून एकदा बघू," मी म्हणाले. चौथ्यांदा. कारखान्यात हवं ते माप मिळेपर्यंत मोजत राहणाऱ्याला मी काय काय बोलते, ते इथे लिहीत नाही.

चिमी चौकटीला पाठ लावून उभी राहिली. मान ताणलेली, श्वास रोखलेला, टाचा जमिनीपासून जराशा उचललेल्या. इतक्या जराशा, की मी मी नसते तर मला दिसल्या नसत्या. तिने डोळे वर करून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आई, किती यायला हवं?"

तिने 'किती आलं' विचारलं नाही. ही तीच पोर, जिने वर्गातल्या एकेचाळीस जणांसमोर सात अडतीस लिहिलं होतं. सरांनी तिच्याकडून तीन वेळा साडेसात लिहून घेतलं, त्याने तिचं जेवढं बिघडलं नव्हतं तेवढं मी एका संध्याकाळीत बिघडवून ठेवलं होतं. मला सरांचा राग आला, मोठ्या बाईंचा आला, फॉर्म छापणाऱ्याचा आला, आणि सगळ्यांत जास्त माझा आला. एवढा राग मला कारखान्यात कधी कोणाचा आलेला नाही.

"टाचा टेकव," मी म्हणाले.

तिने टेकवल्या. १४४.४. मी फॉर्मवर १४४ लिहिलं आणि सही केली.

चिमी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुझ्या पॉइंटसाठी तू माझी जागा घालवलीस." आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बाबांशी बोलायची, तेही मला ऐकू जाईल अशा बेताने.

शनिवारी मी तिला घेऊन तंत्रविद्यालयात गेले. नाही म्हणायचंय तर माझ्या तोंडावर म्हणू देत, असं ठरवलं होतं. बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती.

यंत्रशाळा म्हणजे एक लांब पत्र्याची शेड. लेथ ओळीने मांडलेले, जमिनीवर लोखंडाचा कीस, हवेत तेलाचा वास. मला तिथे माझ्या माणसांत आल्यासारखं वाटलं. इतर शाळांची अकरा मुलं आधीच आली होती. शिकवणारे मास्तर साठीच्या घरातले, डाव्या हाताचं अर्धं बोट नसलेले. त्यांनी चिमीचा फॉर्म घेतला, चष्म्यावरून वाचला आणि पाचव्या ओळीवर थांबले.

"एकशे चव्वेचाळीस?" ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले. "चारदा मोजलंय. पॉइंट चार आहे वर, पण पूर्ण सेंटिमीटरमध्ये लिहा म्हटलंय."

मास्तरांनी टेबलावरचे बाकीचे अकरा फॉर्म उचलले आणि एकेक माझ्यापुढे टाकत गेले. १४५. १४५. १४५. १४६. १४५. १४५. मी त्यांच्याकडे बघितलं आणि ते माझ्याकडे. आकडे हाताची घडी घालून बसले होते.

"दरवर्षी," मास्तर म्हणाले. "मूल माझ्या कमरेला लागतं आणि कागदावर एकशे पंचेचाळीस असतं. तुमच्या शाळेने तुम्हाला मागची बाजू दिली नाही ना? कोणीच देत नाही." त्यांनी खणातून मूळ छापील फॉर्म काढून उलटा केला. मागे बारीक अक्षरात होतं: 'उंची १४५ सेंमीपेक्षा कमी असल्यास संस्थेने यंत्रापुढे उंच पाटाची सोय करावी.'

मी ते दोनदा वाचलं. मग मास्तरांनी आणखी एक कागद पुढे केला. त्यांनी बारा पाट मागितले होते, त्याला संस्थेच्या कचेरीतून आलेलं उत्तर. 'कमी उंचीचा एकही विद्यार्थी नोंदणीत नाही, सबब पाटांची आवश्यकता नाही.'

"आठ वर्षं मागतोय," ते म्हणाले. "आणि आठ वर्षं हेच उत्तर. मुलं चवड्यांवर उभी राहून लेथवर वाकतात. चवड्यांवर उभ्या माणसाचा तोल जायला काय लागतं?" त्यांचा आवाज चढला नाही, पण कागद त्यांनी डाव्या हाताने टेबलावर दाबून धरला होता. त्या हातावरचं ते अर्धं बोट मी बघितलं. "कागदावर सगळे पुरेसे उंच आहेत हो. हिचा एक फॉर्म तेवढा खरा आला. हिच्या नावावर मला एक पाट मागता येईल. तोवर ही खाली बसून कानशीने लोखंड घासायचं काम शिकेल. चालेल ना?"

प्रश्न चिमीला होता, पण चिमी तिथे नव्हती. ती पहिल्या लेथपाशी जाऊन उभी होती. तिथे तिच्याहूनही लहानखुरी एक मुलगी चवड्यांवर उभी राहून यंत्राच्या चाकापर्यंत हात पोचवायला बघत होती. यंत्र बंद होतं, पण तिच्या टाचा हवेत थरथरत होत्या. चिमीने थोडा वेळ त्या टाचांकडे बघितलं. मग ती माझ्याकडे आली, दोन दिवसांत पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं आणि माझ्या पिशवीतून टेप काढून घेतली.

तिने त्या मुलीला शेडच्या खांबाशी उभी केली. टेबलावरची एक वही तिच्या डोक्यावर आडवी धरली. मास्तर पेन उघडून बघत राहिले. बाकीची मुलं हातातलं सोडून खांबाभोवती जमली.

त्या मुलीने छाती फुगवली, मान ताणली आणि घाबरत विचारलं, "किती यायला हवं?"

"येईल तेवढं," चिमी म्हणाली. "टाचा टेकव."